झुरळाशी कोळंबीची सोयरीक

वेसावे, गुरुवार, दुपारची भांडी आवरून

तीर्थस्वरूप राधाबाय, तुझ्या पायांवर धाकट्या अंजनाचं डोकं (गुडघे वाकत नाहीत, म्हणून खाडीच्या या अंगावरूनच टेकवते). आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझ्या कमरेचं कसं आहे? मढच्या घराला रंग काढलास म्हणे, छान केलंस. आपल्या बाबांची ती लाकडी खाट अजून आहे ना गो? तिची तब्येत बरी? (गेल्या शिमग्याला तुझ्याकडून आले ती अंगभर गांध्या घेऊन. तू म्हणालीस, खारी हवा बाधली. मीपण म्हटलं, हो, खारी हवाच.) फोन केला असता, पण तू तो मोठ्या आवाजावर लावून सगळ्या आळीला ऐकवतेस, म्हणून माझ्या तिसरीतल्या अक्षरात लिहिते. सावकाश वाच.

अगो, माझा संताप अजून उतरलेला नाही. आमची नेत्रा, म्हणजे सहदेवची मुलगी, कॉलेजात प्राण्यांचं शिकते. मला वाटलं वाघ-सिंह शिकवत असतील. तर यांच्या सरांनी सांगितलं, घरातले कीटक पकडा, टाचणीला टोचा, पेटीत जातवार लावा आणि महिन्याभराने, म्हणजे येत्या सोमवारी, आणून द्या, पेटी अपुरी असली तर परीक्षेला बसू देणार नाही. झुरळ बघायला कॉलेजात कशाला जायला हवं? आमची मोरी काय कमी होती? पण पोरगी मेहनती. महिनाभर बाटली घेऊन घरभर फिरली, आणि पेटी भरून, डांबराच्या गोळ्या घालून कपाटावर ठेवली, वाळायला.

आता तूच सांग, बंद पेटीत कधी काही वाळतं का? ना ऊन, ना वारा. आपण दोघी चड्डीत होतो तेव्हापासून बोंबील वाळवतोय, कुजायला लागलेला माल मला नाकाने कळतो. (तिथे डांबराच्या गोळ्यांचाच वास होता, पण वास तो वासच.) म्हटलं नातीला मदत करावी. टाचण्या काढल्या, एकेकाला मीठ चोळलं आणि गच्चीवर जाळीवर जवळा वाळत होता त्याच्या कडेला पसरून ठेवलं. कावळे हाकायला काठी घेऊन बसले. डोळा लागला असेल जरासा. तेवढ्यात वारा आला, किंवा मांजर आली, किंवा दोघं मिळून आले. उठून बघते तर नाकतोडा जवळ्यात, माशी जवळ्यात, पंख एकीकडे, पाय तिसरीकडे. मिठाने बाकीच्यांना पाणी सुटलेलं, ते वेगळंच.

नेत्रा आली. रडली असती तर परवडलं असतं, मी समजूत घातली असती. ती नुसती खाली बसून जवळा निवडायला लागली. सूनबाई अनुपमा मात्र किंचाळली, "आई, काल चटणी कुठल्या जवळ्याची होती?" कालची चटणी कालच्या जवळ्याची, हे काय विचारणं झालं? पण घरात तीन दिवस कुणी चटणीला हात लावला नाही. सगळे कीटकांसाठी हळहळतात. माझा एवढा चांगला जवळा फुकट गेला, त्याचं कुणाला काही आहे का?

आणि वर ऐक. मला बरं वाटावं म्हणून नेत्रा म्हणते, "जाऊ दे आजी, घरच्याच घरात मिसळले. कोळंबी, चिंबोरी आणि झुरळ एकाच घराण्यातले." माझ्या हातातली काठीच पडली! ज्या कोळंबीवर माझ्या तीन मुलांची लग्नं झाली, तिची सोयरीक झुरळाशी? मी तिला हवं ते बोलले. तिच्या सरांनापण बोलले, ते नव्हते तिथे. पोरगी शांत. म्हणाली, "पायाला सांधे बघ. अंगावर कवच बघ. वाढताना चिंबोरी कवच टाकते ना, मऊ चिंबोरी तूच हुडकतेस. नाकतोडापण तसाच कात टाकतो." मी बाजारातून कोळंबी आणली, मोरीतून झुरळ आणलं, शेजारी-शेजारी ठेवलं. राधाबाय, मिशासुद्धा सारख्या गो! त्या दिवशी मी कालवण केलं नाही.

पण चूक माझी, म्हणून पेटी मीच भरून द्यायची ठरवलं. तिथेही अपमानच. केवढा मोठा कोळी पकडला मी, देवघरामागचा! नेत्रा म्हणाली, "आठ पाय, हा कीटक नाही. कीटकाला डोकं, छाती, पोट आणि सहाच पाय." गोम नेली, तिला तर नुसतं हसली. वाळवीला मी मुंग्यांत बसवलं तर म्हणे तीपण झुरळाच्या नात्यातली. (हे झुरळ म्हणजे गावभर नातलग असलेल्या सरपंचासारखं आहे.) माशी आणि डास एका जातीचे, का, तर दोघांना दोनच पंख. तांदळातला सोंड्या वेगळा, त्याच्या पाठीवर ढाली. उवा कुणाच्या डोक्यातून आणल्या ते लिहीत नाही, अनुपमाच्या माहेरी कळायला नको.

आता मात्र मला नाद लागलाय. जेवताना ताटावर माशी बसली तर आधी पंख मोजते, मग हाकलते. आणि खरी गंमत पुढेच. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी लागते: कुठे सापडला, कधी, आणि पकडणाऱ्याचं नाव. सगळ्या पेटीभर "अंजनाबाई, अंजनाबाई"! शाळेने मला तिसरीत घरी पाठवलं, आता कॉलेजात जाते आहे, झुरळाबरोबर का होईना. एक टाचणी तेवढी रिकामी आहे, पण असो, तुला कशाला त्रास. तब्येतीला जप.

तुझीच,
अंजना

ता. क. रिकामी टाचणी ढेकणाची आहे. आमच्या वेसाव्यात सगळ्यांनी लोखंडी पलंग घेतले, कुणाकडे एक मिळेना. त्या खाटेच्या फटीत बघ ना गो. जिवंत हवा, रॉकेल मारू नकोस.

आणखी एक. चिठ्ठीवर खोटं लिहायला नेत्रा तयार नाही. तेव्हा ठिकाण "राधाबायची खाट, मढ" असंच लागेल. रागावू नकोस, माझ्यामागून आपल्या बाबांच्या घरातलं कॉलेजात गेलेलं हे दुसरं नाव.

आणखी एकच. तुझ्याकडे ढेकूण नाहीतच असं तू म्हणणार, माहीत आहे मला. म्हणून शनिवारी संध्याकाळच्या तरीने मीच येते. तू खाली चटई घे, खाटेवर मी झोपते. बाटली सोबत आणते आहे, थोडी खारी हवा भरून नेईन.