मागची खोली आत येऊ का विचारते

सोमवार

आले एकदाची लेकीच्या लॉजवर. जिना चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्यांचं ऐकतंय कोण. लॉज मात्र झकास. खाली काउंटर, वर खोल्या, चादरींना उन्हाचा वास. माझी खोली जिन्यालगतच. लेक म्हणाली, आई, लिहिता येत नाही म्हणून काय झालं, या फोनशी बोल, तो लिहून घेईल. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी जन्मात माझं ऐकलं नाही, हा काय ऐकणार? ऐकतोय मेला. त्याला दुसरा उद्योग नसावा.

मंगळवार

वायरवाला आला. हडकुळा, सारखा खोकणारा. मी त्याला खोकलेबुवा म्हणते, त्यालाही चालतं. जिन्याखालच्या कपाटात त्याने एक चपटी पेटी बसवली, स्विच म्हणतात तिला. प्रत्येक खोलीच्या भिंतीतली वायर तिथे येते, प्रत्येक वायरीचा एक दिवा. आजवर कुणीही भिंतीत वायर खुपसली की थेट लेकीच्या कॅमेऱ्यांपर्यंत, दारांच्या कुलपांपर्यंत पोचायचा. आता पेटी नवख्याला उंबऱ्यावरच अडवते, नाव विचारते, आणि घरच्या कुणी हो म्हटल्याशिवाय आत सोडत नाही. शिवाय एका नावाचा एकच जण आत. नाहीतर एकाचं नाव सांगून दहा जण घुसतात म्हणे.

हो म्हणायचं काम लेकीचं. ती कामात असली की माझं. फोन नाव वाचून दाखवतो, मी हिरवं दाबते किंवा लाल. ही सोय लेकीच्या लग्नाच्या वेळी असती तर जावयाला मी दोन दिवस तरी लटकवलं असतं.

गुरुवार

सकाळपासून नुसतं हिरवं. एका टाय लावलेल्या साहेबाला उगाच जरा ताटकळत ठेवलं, तर तो खाली येऊन लेकीला माझ्याबद्दल विचारून गेला. मजा आली.

दुपारी फोन म्हणाला, मागची खोली, पाहुणा. नाव नाही, आडनाव नाही, नुसता पाहुणा. असेल कुणी लाजाळू, असं म्हणून मी हिरवं दाबलं. लेकीला सांगितलं तर ती हसायला लागली. त्या खोलीचं छत उतरवलंय, आत साधी खाटही नाही. दोघी जाऊन बघून आलो. वायर भिंतीतून लोंबत होती, टोकाला काही नव्हतं. कपाटात मात्र त्या खोलीचा दिवा लुकलुकत होता.

शुक्रवार

खोकलेबुवाने ती वायर पेटीतून उपटून काढली. तो जिन्याखाली वाकलेला असतानाच फोनने त्याचं नाव घेतलं. वाटलं, तपासून बघत असेल. दाबलं हिरवं. पण आत येऊ का, असं त्याने विचारलंच नव्हतं. उलट पेटी त्याच्या फोनवर सांगायला लागली, या नावाचा माणूस आधीच आत आहे.

तेवढ्यात लेकीने काउंटरवरून त्याला विचारलं, खोली हवी आहे का, किती दिवसांसाठी. मला वाटलं थट्टा करतेय, माझीच लेक ती. पण तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. तो हसला, मग हसायचा थांबला. बाहेर गेला तो काचेच्या दारावर हात टेकून उभा. दार त्याला उघडेना. मी जाऊन आतून ओढलं, मलाही उघडेना.

मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

शनिवार

लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, कुठला वायरवाला? पेटी मागच्या खोलीतल्या काकांनी बसवली, ते तर घरचेच. त्यांना चहा घेऊन निघाली होती. मी कप हिसकावला, हात भाजला. म्हणाली, आई, तुला झोप पुरत नाहीये.

आता फोन लेकीचं नाव घेतो. मागची खोली, लेकीचं नाव. लाल दाबते. परत. लाल. ती माझ्यासमोर बसून जेवतेय आणि हा मेला तिचंच नाव घेऊन आत येऊ का विचारतोय — लाल — अंगठा सुजलाय. दुखू दे. ती काचेबाहेर उभी राहिलेली मला बघायची नाही.

रविवार

फोन गप्प. वाटलं, दमला.

लेक हसत वर आली. म्हणाली, आई, माझ्या फोनवर तुझं नाव केव्हाचं आत येऊ का विचारत होतं, मी आत्ताच हो म्हटलं. तुला मी नाही कशी म्हणेन —

माझं नाव. मी तिचं नाव राखत बसले आणि —

रविवार, दुपार

लेक दारात आली. म्हणाली, "आजी, तुम्ही कुठल्या खोलीतल्या?"

तुम्ही. मला.

मी म्हटलं, बाळ, तुझ्या भुवईवरची खूण पाळण्याच्या कडीची. ती ओशाळली. म्हणाली, आमची आई सगळ्यांना सांगत सुटते. ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. आतून माझा आवाज आला, तिची टिंगल करणारा. ती खळखळून हसली. माझ्यापाशी हसते तशीच —

फोनवर पेटीचं पान आलंय. नाव विचारतंय. सांगितलं. आधीच आत आहे म्हणे. दुसरं कुठलं सांगू — कोण म्हणून सांगू — म्हातारी म्हटलं, नुसती म्हातारी —

तिचा फोन वाजला. बाहेर आलीय. माझ्याकडे बघतेय. नको म्हणाली तर हा फोन लिहिणंही सोडेल — बाळ, तो आवाज माझा नाही, तिथे जेवायला बसू नकोस, माझ्याकडे बघ, हिर—