ख्रिस्तालाच्या बापाचं घर

मी, मिरोफोरा पानागी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त बँक शाखाधिकारी, लिमासोल शहराच्या वरच्या डोंगरातल्या माझ्या जन्मगावी राहणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सर्व काही भाच्याला जात होतं. ते मी रद्द करते.

१) मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. सबब माझ्या मिळकतीत कायद्याने राखीव वाटा कोणाचाही नाही. भाऊ आंद्रोनिकोस मेलबर्नला असतो. त्याला आईचा हातमाग द्यावा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने तीन वर्षांत दोन पत्रं पाठवली. हातमाग नेण्याचा खर्च त्याने स्वतः करावा.

२) चांदीचं तबक. विभागात सर्वांत जास्त रोखे विकल्याबद्दल २००९ साली मला ते समारंभात मिळालं. ते आमचे तेव्हाचे विभागप्रमुख एवेल्थोन यांच्या घरी पोचतं करावं. सोबत चिठ्ठी नको. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, “पानागीबाई, शेजारच्या शाखेने पन्नास गिऱ्हाइकं केली. तुमच्या गावातले म्हातारे काय झोपलेत?” विक्री झाली नाही तर शाखा बंद होईल, असंही ते म्हणायचे. त्यांना तबक ओळखू येईल.

३) माझं राहतं घर, मागच्या अंगणासह व लिंबाच्या चार झाडांसह, ख्रिस्ताला क्लेओवूलू हिला द्यावं. ती माझी नात्याने कोणी नाही. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

तिचा बाप क्लेओवूलोस माझा शाळासोबती. आमच्याकडे मुलीला लग्नात घर द्यायचं असतं. त्यासाठी त्याने समुद्राकाठची वडिलोपार्जित जमीन हॉटेलवाल्याला विकली आणि एक लाख चाळीस हजार युरो घेऊन माझ्या शाखेत आला. मी त्याच्यापुढे रोख्यांचं पत्रक ठेवलं. सात टक्के व्याज, बँकेची हमी, दोन वर्षांत घराचा वरचा मजलाही निघेल. त्याने पत्रक उलटसुलट केलं आणि बाजूला सारलं.

“मला यातलं कळत नाही. तू स्वतःचे घातलेस का, एवढं सांग.”

“घातले की,” मी म्हणाले.

मी घातले नव्हते. माझे ब्याण्णव हजार साध्या ठेवीत होते, कारण मला रोखे कळत होते. बँक अडचणीत आली तर व्याज थांबेल आणि रोख्यांचे शेअर होतील, हे पत्रकात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. त्याच्याकडून सही घेताना मी बोट वरच्या ओळीवर ठेवलं.

२०१३ च्या मार्चमध्ये देशातल्या बँका बारा दिवस बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा एक लाखाच्या आतल्या ठेवी शाबूत होत्या. रोखे गेले. क्लेओवूलोसच्या गावातल्या जागेत व्याजातून घराचे सहा खांब तेवढे उभे राहिले होते, ते अजून तसेच आहेत. ख्रिस्तालाचं लग्न झालं, पण ती लिमासोलमध्ये टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत भाड्याने राहते. “तुझ्या बापाने कागदाचं घर दिलं,” असं सासू तिला येता-जाता ऐकवते.

मी निवृत्त झाले आणि क्लेओवूलोसच्या गल्लीने जाणं सोडलं. अकरा वर्षं बाजाराला वरच्या वाटेने गेले.

या वर्षी ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत मी त्याच्या अंगणात गेले. तो द्राक्षवेल छाटत होता. त्याची बायको थिओग्नोसिया ओट्यावर मटार सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

“मी घातले नव्हते, क्लेओवूलोस.”

त्याने कात्री खाली ठेवली. “किती होते तुझे?”

“ब्याण्णव हजार.”

“वाचले?”

“सगळे.”

थिओग्नोसियाचा हात थांबला. “आम्हाला वाटायचं, तूही बुडालीस. लाजेने तोंड दाखवत नाहीस. मी दर रविवारी आमच्यासाठी एक आणि तुझ्यासाठी एक मेणबत्ती लावत होते.”

मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेले होते. याची तयारी नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले. मग घराचं सांगितलं. क्लेओवूलोस म्हणाला, “घर घेऊ. पोरीचं आहे ते. माफीचं मला विचारू नकोस.”

ख्रिस्तालाला सूचना एवढीच: घर कोणी दिलं असं सासूने विचारलं तर बापाने दिलं म्हणावं. ते खरंही आहे.

४) माझी शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, माझ्याकडून रोखे घेतलेल्या उरलेल्या अडतीस जणांत किंवा त्यांच्या वारसांत ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात वाटावी. यादी जोडली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला फार येणार नाही. पत्राने कळवू नये; बँकेनेही पत्रच पाठवलं होतं. दारात जाऊन, बसून सांगावं.

५) हे काम लोइझोस, माझ्या शाखेचे रोखपाल, यांनी करावं. आढेवेढे घेतील, पण करतील.

वकिलांनी कच्च्या मसुद्यात घर देण्याचं कारण “प्रेम व आपुलकीपोटी” असं लिहिलं होतं. ते मी खोडून “मी तिच्या वडिलांशी खोटं बोलले म्हणून” असं लिहवलं. मसुद्यातल्या त्या खाडाखोडीवर साक्षीची सही करण्यापूर्वी लोइझोस अडले.

“बाई, हे असं लिहायलाच हवं का? उद्या कोर्टाच्या दप्तरात कोणीही वाचेल. ते पहिले शब्द रीतीचे होते.”

“रीतीचे शब्द मी नोकरीत पुष्कळ वापरले, लोइझोस. करा सही.”

त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

मिरोफोरा पानागी (सही)

साक्षीदार, एकमेकांच्या व माझ्या समक्ष:
१. लोइझोस मावरोम्माटिस, निवृत्त रोखपाल (सही)
२. एल्पिनिकी सावा, गावातल्या औषधांच्या दुकानाची मालकीण (सही)

लिमासोल, दि. ४ जून २०२४