पिवळा मासा, टाकी आणि दोन खुर्च्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, नकाशे काढण्याच्या कामातून निवृत्त. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. जावईबापू पलीकडच्या खोलीत घोरत आहेत. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे असे व्हावे:

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलीला. यात वाद नाही.

२. नकाशाची पेटी जावईबापूंना. त्यांना सरळ रेघ येत नाही, पण पेटी दिसायला चांगली आहे.

३. शाळेतली कवितांची वही नातीला. शाईचे डाग पडलेली पाने फाडू नयेत. ते पडले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो आणि बाहेर ती दोरीवरच्या उड्या मारत होती. ती म्हणजे पुढे माझी बायको झाली ती. तिला जाऊन दोन वर्षे झाली.

४. पितळी पेला. पाठांतर स्पर्धेत हा आमच्याच वर्गातल्या एकाने जिंकला. आता त्याचे चष्म्याचे दुकान आहे. कविता मीच त्याच्याकडून घोटून घेतली होती. आवाज मात्र त्याचा, त्यामुळे दुसरा नंबर माझा. पेला त्याने तिला दिला आणि तिने जन्मभर त्यात टाचण्या ठेवल्या. हा पेला चष्मेवाल्याला मिळू नये. मुलीने ठेवावा, टाचण्यांसकट.

५. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, पोवळ्यांसह. ही चष्मेवाल्याला द्यावी. मुलगी चक्रावेल, म्हणून कारण लिहितो.

बावीस वर्षे तिने ही पोवळी लेकरांसारखी वाढवली. पाच वर्षांपूर्वी चष्मेवाल्याने तिला लांब चोचीचा पिवळा मासा आणून दिला. ती त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायची त्याहून जास्त. महिन्याभरात जांभळ्या पोवळ्याचे तुकडे पडू लागले. काही मासे पोवळी टोचून खातात, हे मी वाचले होते. मला तेवढे पुरे झाले.

चष्मेवाला म्हणाला, मासा खातो दिवसा आणि तुकडे दिसतात पहाटे, टाकीतला नवा दगड तपास. दगड मी आणलेला होता. मी त्याला सांगितले, चष्मे विक.

ती हळूच म्हणाली, "तुला नक्की कोण नकोय रे? मासा, की तो?"

मी चष्मेवाल्याला मासा परत न्यायला सांगितले. माझ्या बादलीत मासा घेऊन तो गेला. शेवटच्या आजारात तिने विचारले, "पिवळा जिवंत असेल का?" माहीत नाही म्हणालो. विचारायला त्याला फोन करावा लागला असता.

गेल्या महिन्यात तो दगड उचलला. पोकळीत मुठीएवढा खेकडा, आणि त्याच्या भोवती जांभळे तुकडे.

६. टाकीच्या अटी: नवा दगड वा जीव सहा आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून, बॅटरी मारून पाहावा. खेकडा कितीही गोजिरवाणा असो, टाकीत घेऊ नये. पिवळा हयात असल्यास त्याला परत सोडावे. चष्मेवाल्याने टाकीसमोरच्या माझ्या खुर्चीत बसावे. तिच्या खुर्चीत बसू नये.

७. हे कलम मागाहून जोडले आहे. साक्षीला आलेले डॉक्टर वाचून म्हणाले, "आजोबा, तुम्ही मरेपर्यंत मासा थांबेल का?" त्यांच्यासमोरच फोन लावला. खेकड्याचे सांगितले. मग चष्मेवाला म्हणाला, "आहे अजून. बादलीही तुझीच आहे. येतो घेऊन."

तरी कलम चार कायम आहे. माझी खुर्ची पुसून ठेवली आहे. तिच्या खुर्चीत मी बसतो.

ठिकाण: राहते घर, टाकीसमोर
दिनांक: अकरा, रविवार, सकाळी दहा

सही: लिहून ठेवणारा
साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (टाचण्या मागितल्या, दिल्या नाहीत)