तीस वर्षांची ओळख

भवानी पेठ, सोलापूर

आदरणीय नागूअक्कास,

धाकट्या भावाचा, संघपालचा, सविनय जयभीम. दाजींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? सांगोल्यात टँकर वेळेवर येतोय का? भाचीला, तेजश्रीला, माझा आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत (हे वाक्य मी गेले तीन आठवडे लिहू शकलो नसतो). फोन सोडून पत्र का पाठवलं, म्हणून तू काळजीत पडली असशील. तर अक्का, माझा मोबाईल पोलिसांकडे जमा आहे. मोबाईलच फक्त. मी घरी आहे.

झालं असं. आपल्या पेठेतल्या वाचनालयाचा मी चिटणीस, हे तुला ठाऊक आहेच. निवृत्त झाल्यापासून मला तेवढाच मान उरलाय. महिन्यापूर्वी त्रिंबकराव धनवटे म्हणून एक गृहस्थ आले. पांढरा सफारी, बोटात अंगठी, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्यालाच आपण उद्धट आहोत असं वाटावं. म्हणाले, लहानपणी पुस्तकं मिळाली नाहीत, आता वाचनालयाला एक्कावन्न हजार द्यायचेत. मग रविवारी आम्ही त्यांचा सत्कार ठेवला. हार, नारळ आणि सोलापुरी चादर. (चादर माझ्याच निवृत्तीच्या सत्कारातली. तुझ्या भावजयीनं, शुभदानं, कपाटातून काढून दिली. कोपऱ्यावर चहाचा डाग होता, तो तिनं आतल्या बाजूला दुमडला.)

पाहुण्यांचा परिचय मी करून दिला. आता परिचय म्हटला की माणूस थोडं वाढवून बोलतोच. कालच ओळख झाली असं सभेत कोण सांगतं? मी म्हणालो, त्रिंबकरावांना मी तीस वर्षं जवळून ओळखतो, शब्दाला जागणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. टाळ्या पडल्या. एका सभासदानं हे सगळं माझ्याच मोबाईलवर चित्रित केलं.

त्यांनी दिलेला चेक बँकेत भरला, आणि चौथ्या दिवशी परत आला. सोबत बँकेची चिठ्ठी: खाते बंद. त्यांच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र धाडलं, तेही परत. असा इसम येथे राहत नाही. मग मी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारदार म्हणून गेलो हो, छाती पुढे काढून.

तिथं फौजदार चेतना मॅडम होत्या. वयानं तेजश्रीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील, पण नजर अशी की आपण न केलेलंही आठवायला लागतं. त्यांनी समजावलं, की नुसता चेक वटला नाही तर ते प्रकरण वकिलाची नोटीस देऊन कोर्टात न्यायचं असतं, पोलिसांचं त्यात काम नाही. फसवायच्या इराद्यानंच दिला असेल तर मात्र गुन्हा. मग त्यांनी चेक हातात घेतला, खाली-वर पाहिला आणि मला विचारलं, "काका, हा तुम्ही वाचला होता का?"

अक्का, सहीच्या जागी बँकेनं खातेदाराचं नाव छापलेलं होतं. कमलम्मा. त्याच्यावर त्रिंबकरावांची झोकदार सही. वाचनालयाचा मी चिटणीस, घरात दोन पेपर येतात, पण एवढं मी वाचलं नव्हतं.

तिथून तपास सुरू झाला, आणि पहिला तपास माझा. मॅडमनी मोबाईल मागितला, चित्रफीत लावली. तीस वर्षं जवळून ओळखतो. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "मग राहतात कुठं ते सांगा की." मुलं किती? गाव कोणतं? मी म्हणालो, मॅडम, ते भाषण होतं. त्या म्हणाल्या, "आणि हा जबाब आहे." माझ्याकडून धनवट्यांची सही वीसदा करून घेतली, मीच तर केली नाही ना ते बघायला. घरी आल्यावर दोन दिवस मला स्वतःची सही नीट जमेना. गल्लीतली माणसं माझ्याकडे बघून आधी थांबायची आणि मग नमस्कार करायची. पेन्शन बंद झाली तर, पेपरात नाव आलं तर, असं मनात यायचं. खोटं का बोलू, जेवण जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसप्पा हवालदार मला बरोबर घेऊन कमलम्माकडे गेले. त्या विडी वळत बसल्या होत्या. नवरा वारला तेव्हा दोन वर्षांपूर्वी खातं बंद केलं, उरलेलं चेकबुक रद्दीत गेलं, एवढं त्यांनी अर्ध्या तेलुगूत सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून हवालदारांना विचारलं, चोर हाच का? बसप्पा म्हणाले, "आजून ठरलं न्हाय आज्जी." मला पाणी मात्र कमलम्मांनी दिलं.

आमच्याकडे सत्काराचे सात फोटो होते. सातहीत त्रिंबकरावांचं तोंड हारात बुडालेलं. माझं मात्र सातहीत स्पष्ट, हसरं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेलं.

सुटका केली ती शुभदानं. बाजारात एका दुकानात तिला ती चादर टांगलेली दिसली. कोपरा उलटून पाहिला, तर चहाचा डाग. (तिनं आधी घासाघीस करून दर निम्म्यावर आणला आणि मगच पोलीस ठाण्यात गेली. असो.) दुकानदाराला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, एक साहेब वरचेवर नव्या चादरी, शाली आणून विकतात, संस्थांत मान मिळतो म्हणाले, रविवारी कुंभारीहून आणखी एक आणणार आहेत.

रविवारी आम्ही कुंभारीत. मॅडम आणि बसप्पा साध्या कपड्यांत, मी मध्ये, ओळख पटवायला. मांडवात खुर्च्या, समोर एका तरुण मंडळाचे अध्यक्ष, आणि मंचावर तोच सफारी, फलकावर नाव मात्र धनंजयराव. मी उठायला गेलो तर बसप्पांनी माझा हात दाबला. "बसा हो, भाषण तर होऊ दे की. लई घाई करू नका." अध्यक्ष माईकवर आले. घसा साफ केला. म्हणाले, "धनंजयरावांना मी गेली चाळीस वर्षं ओळखतो." अध्यक्षांचं वय असेल पस्तीस.

चेतना मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "काका, तुमचं तर दहा वर्षांनी कमीच होतं." अक्का, त्या क्षणी माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला मांडवातच रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, मी भाषणानं हेलावलो.

चादर खांद्यावर पडली आणि दुसऱ्या बाजूनं बसप्पांचा हात पडला. खिशात कमलम्माच्या चेकबुकातली आणखी पानं निघाली. गडी शांत होता. जाताना मला नमस्कार करून म्हणाला, परिचय तुमचाच उत्तम झाला होता. (खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं.)

आता मी साक्षीदार आहे. आरोपीपेक्षा कितीतरी बरं. काल तीन आठवड्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी घोरलो. तब्येतीला जप. तेजश्रीला जप.

तुझा भाऊ,
संघपाल

ता. क. अक्का, पत्र खरं तर यासाठीच. तेजश्रीच्या मोहोळच्या स्थळाबद्दल तू विचारलं होतंस, तेव्हा मी कळवलं होतं की घराणं सज्जन आहे, तीस वर्षं माझ्या माहितीतलं आहे. मुलाच्या वडिलांना मी एकदाच भेटलोय, एसटी स्टँडवर. त्यांनी मला शंभराचे सुट्टे दिले होते. मुलगा मी पाहिलेला नाही. तेवढी कुणाकडून तरी नीट चौकशी करून घे.

ता. क. २. साखरपुड्याची सुपारी फुटलीच असेल, तर सुट्टे त्यांनी अगदी बरोबर दिले होते, हेही लक्षात घे. आणि दाजींनी विचारलंच, तर संघपालचं पत्र आलं, तो बरा आहे, एवढंच सांग.