सुट्ट्या पत्तीची चव

प्रियांका,
कॉलेजातून आलीस की आधी हे वाच. आईला चहा बिलकुल देऊ नको, रडल्या तरी देऊ नको. देवगाव फाट्यावरून आणलेली सुट्टी पत्ती आपण पाकिटातल्या पत्तीत निम्मी मिसळायलो ना, तिच्यात कायतरी हाय. स्वस्तात एवढी चव येती कुठं! आज नुसत्या पाकिटाचा चहा दिला, तर आईचे हात कापायला लागले. कप भिंतीवर फेकला त्यांनी. शेजारच्या लक्ष्मीबाई सकाळपासून दोनदा पत्ती मागायला येऊन गेल्या. दाराला कडी लाव.

मी पुडी डॉक्टरला दाखवायला चाललेय. निघायच्या आधी मात्र तिचाच एक कप करून पिले. त्याच्याबिगर उंबऱ्याभायेर पायच निघंना.

तुझी वहिनी