तक्तपोशीतली झडप

होई आन,
५ सप्टेंबर

चि. दाओ हिस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी ओटा धुतला. नदी आपल्या जागी आहे. दुपारी मागच्या घरून साऊआजीने काळ्या तिळाची खीर पाठवली, ती खाल्ली. चारच्या सुमारास नगर कचेरीतून माणूस येऊन गेला. संध्याकाळी तुएतच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि हे पत्र लिहायला बसलो.

कचेरीचा माणूस का आला ते सांगतो, कारण ही गोष्ट मी तुला कळवली नव्हती. तुझी वहिनी गेल्यावर महिन्याभराने मी माडीच्या तक्तपोशीतली झडप बंद करून घेतली. वरून फळ्या ठोकल्या. तुला ठाऊकच आहे, गुडघे धरल्यापासून ती दिवसभर वर शिवणाला बसायची आणि त्या झडपेतून आमचा सगळा व्यवहार चालायचा. ती टोपली खाली सोडायची, मी त्यात चहाची किटली ठेवायचो, ती ओढून घ्यायची. गिऱ्हाईक आलं की शिवलेला झगा त्याच टोपलीतून खाली यायचा. ती गेल्यावर मी खाली जेवायला बसलो की नजर आपोआप वर जायची. म्हणून बंद केली. बाकी काही कारण नाही.

पण आपल्या नदीकाठच्या गल्ल्यांचा नियम आहे की पुराच्या पट्ट्यातल्या जुन्या घराची झडप बुजवता येत नाही. ओटा शेजाऱ्यापेक्षा उंच करायचा नाही, विजेची बटणं डोक्याच्या वर, आणि झडप उघडी. मी पोस्टात नोकरी केली, नियम मोडायची मला सवय नाही, पण परवानगी मागायचंही सुचलं नाही. आलेला मुलगा म्हणजे वीन्ह, आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचा नातू. फार अदबीने बोलला. काका, पाऊस लागायच्या आत उघडा, नाहीतर मला वरती कळवावं लागेल, म्हणाला. जाताना तुएतला नमस्कार केला. मी बघतो म्हणालो.

दा लातला थंडी पडू लागली असेल. छाती सांभाळ. नातवंडांना गोड पापा. पत्र लिहीत जा, तेवढाच आधार वाटतो.

तुझा दादा,
खिएम

*

दा लात,
१४ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. रागाचं आधी लिहिते, म्हणजे शेवटी माया उरेल.

अरे, ती झडप तुझ्या एकट्याची आहे का? आपल्या मागचं साऊआजीचं घर बैठं. तिला माडी नाही. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून पूर आला की तिच्या सासूच्या खाणावळीतला रश्शाचा हंडा, शेगडी, बाकं, शेवयांची टोपली, सगळं आपल्या झडपेतून वर जायचं. हंडा दोरीला गोल फिरायचा आणि आपण दोघं वर काठाशी पाय सोडून बसून हसायचो म्हणून बाबांचा मार खाल्ला होता. विसरलास? कचेरीने नियम केला तो काही लाकडाच्या प्रेमापोटी नाही केला.

आणि ती खीर! तू लिहितोस साऊआजीने खीर पाठवली, खाल्ली. किती भोळा आहेस. गेल्या तीन पत्रांत तू खिरीचा उल्लेख केला आहेस. मलाही आधी वाटलं, म्हातारी तुझं दुःख हलकं करते आहे. दादा, ती खीर दुःखासाठी नाही, झडपेसाठी आहे. तोंडाने मागायला ती मरेल पण मागणार नाही. घरात माणूस गेलं आहे, तिथे कसं म्हणायचं की बाबा, माझ्या हंड्याचं काय? पाऊस जवळ येईल तशी वाटी मोठी होते आहे का ते बघ आणि मला कळव.

वहिनीचं म्हणशील तर मला वाटतं ती असती तर तुझ्या हातातली हातोडी तिने काढून घेतली असती.

इथे येऊन राहा हे मी दर पत्रात लिहिते, याही पत्रात लिहिते. इथे पूर येत नाही. फक्त तुमच्या घरचे जावई घोरतात.

राग संपला. माया आहे, ती आहे तशीच.

तुझी,
दाओ

*

होई आन,
२ ऑक्टोबर

चि. दाओ हिस अनेक आशीर्वाद.

वाटी मोठी झाली आहे. आता वाडगा येतो.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी मागच्या दाराने साऊआजीकडे गेलो. ती तांदळाच्या पोळीच्या शेवया चिरत होती. मी काही विचारायच्या आत तिने बाक पुसला आणि खिएम, बारीक झालास, बस, म्हणाली. मी हवेचं बोललो, तीही हवेचं बोलली. हंडा चुलीवर होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. घरी आलो आणि खिळे काढले. खिळे लांब होते, मीच सांगून लांब घेतले होते, त्यामुळे वेळ लागला. शेवटची फळी निघाली तेव्हा खालून साऊआजी ओरडली की एवढा आवाज करतोस, कोणाला झोपू द्यायचं आहे की नाही. ती मागच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

वीन्ह येऊन बघून गेला. झडपेवरच्या कप्पीला तेल द्या म्हणाला. दिलं.

आता एक अडचण आहे, ती तुझ्यापाशीच बोलता येईल. तुएतचं टेबल, म्हणजे फोटो आणि उदबत्तीचं भांडं, खाली जिन्याशी आहे. वर्ष पुरं होईपर्यंत तिची जागा खालीच. वर देव्हाऱ्यात आई, बाबा, आजोबा आहेत, त्यांच्या शेजारी तिला आधीच नेणं बरं नाही. पण पाणी आलं तर पहिलं पाणी जिन्याशीच येतं. पुराच्या वर्षी ज्यांच्याकडे नुकतं कोणी गेलेलं असेल ते काय करतात हे मी इतक्या वर्षांत कधी कोणाला विचारलं नाही. आपल्या घरी तशी वेळ आली नव्हती. तिला खाली पाण्यात ठेवणार नाही एवढं नक्की. पण चूकही करायची नाही. तुझ्या सासरी कोणी जाणतं असेल तर विचार.

पाऊस सुरू झाला आहे. काळजी करू नकोस.

तुझा दादा,
खिएम

*

दा लात,
१० ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

रेडिओवर तुमच्याकडच्या वादळाचं सांगतात, म्हणून घाईत लिहिते.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या डोंगरात पाणीच येत नाही, आम्हाला काय ठाऊक. मग थोडा विचार करून म्हणाल्या, सून घरात आली की सासूच्या बरोबरीने बसत नाही, पण पाऊस आला म्हणून तिला कोणी अंगणात उभी ठेवतं का? मला तरी यात सगळं आलं. बाकी तू ठरव. तू ठरवशील ते वहिनीला चालेल, तिला तुझं सगळंच चालायचं, हाच तिचा एक दोष.

पाणी उतरलं की दोन ओळी टाक. वाट पाहते.

दाओ

*

होई आन,
२८ ऑक्टोबर

चि. दाओ हिस अनेक आशीर्वाद.

पाणी येऊन गेलं. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझं पत्र काल मिळालं, पाण्यामुळे टपाल अडकलं होतं. त्यामुळे मला माझ्याच डोक्याने वागावं लागलं.

सकाळी पाणी ओट्याला लागलं. गल्लीतले सगळे आले, दरवर्षीसारखे. साऊआजीला आधी वर पाठवलं, कारण ती खाली असली की हुकूम सोडते आणि वर असली की दोरी ओढते. तिचा हंडा मी दोरीला बांधायला घेतला तर वरून ओरडली की अक्कल आहे का, आधी सून येऊ दे, मग भांडी. माझा हात थांबला. मग मी तुएतचा फोटो माझ्या शर्टात गुंडाळला, उदबत्तीच्या भांड्यासकट टोपलीत ठेवला आणि टोपली वर गेली. टेबल मागून गेलं. आजीने फोटो आई-बाबांच्या देव्हाऱ्याकडे नेला नाही. झडपेच्या काठाशी, जिथे तुएत शिवायला बसायची, तिथे टेबल न मांडता तो नुसता जमिनीच्या फळीवर ठेवला. सगळ्यांपेक्षा खाली, पण कोरडा. मला काही सांगावं लागलं नाही. हंडा मग वर गेला, आणि हो, गोल फिरला.

दोन रात्री आम्ही वर बरेच जण होतो. साऊआजीने शेगडी पेटवून सगळ्यांना जेवू घातलं. तुएतपुढेही एक वाडगा ठेवला आणि तुला जाड शेवया आवडायच्या नाहीत, म्हणून बारीक चिरल्यात, असं तिला सांगितलं. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

पाणी उतरायला लागलं तसे सगळे झाडू घेऊन उतरले. चिखल पाण्याबरोबरच ढकलत न्यावा लागतो, मागे राहिला तर दगड होतो. संध्याकाळपर्यंत फरशी दिसली. भिंतीवर या वर्षीच्या पाण्याची रेघ आली आहे, बटणांच्या खाली. वीन्ह ती बघून खूश झाला.

तुएतचं टेबल पुन्हा जिन्याशी मांडलं आहे. वर्ष होईपर्यंत तिथेच. दा लातला मी वसंतात चार दिवस येईन, तिचं वर्ष झाल्यावर. कायमचा नाही. पुढच्या पावसात दोरीच्या खालच्या टोकाला कोणीतरी लागेल. जावयांना सांग, घोरणं मला चालतं.

आता सगळे आपापल्या घरी गेले. हे पत्र मी वर बसून लिहितो आहे. चहाची तलफ आली आहे. टोपली खाली सोडतो, जिन्याने उतरून किटली भरून तिच्यात ठेवतो, आणि परत वर येऊन ओढून घेतो.

तुझा दादा,
खिएम