बडे भैयाचा बडग्या

११ ऑगस्ट १९८७, मंगळवार. दुपारी.

वहीची माफी मागतो. लिहायला फार उशीर झाला. एक जानेवारीला ठरवलं होतं की रोज एक पान लिहायचं. दोन तारखेला सर्दी झाली. त्यानंतर लिहिण्यासारखं कोणी वागलंच नाही. आज मात्र वेळ आली आहे.

सकाळी सलूनमध्ये हिंदी सिनेमाचं मासिक पडलं होतं. त्यात बडे भैयाची मुलाखत. बडे भैया म्हणजे बुधवारच्या सिरीयलमधला थोरला भाऊ. पाच बहिणींपायी लग्न करत नाही. खरं नाव सुदर्शन कपिल. सगळा देश त्याच्यासाठी रडतो. आमच्या घरी दर बुधवारी अर्धी गल्ली रडायला येते, कारण लाकडी शटरचा मोठा टीव्ही इथे फक्त माझ्याकडे आहे. त्याचं चाहता मंडळही मीच काढलं. अध्यक्ष मी. दुसरा कोणी त्या योग्यतेचा नव्हता.

तर हा गृहस्थ मुलाखतीत म्हणतो, छोट्या शहरातल्या बाया अडाणी, मला सख्खा भाऊ समजतात. पोती भरून राख्या येतात. माझा माळी त्या राख्यांनी टमाट्याची रोपं काठीला बांधतो. आणि वर म्हणतो, ज्यांना भाऊ पाहिजे त्यांनी तो आपल्या आईबापांकडे मागावा.

रक्त तापलं. अर्ध्या दाढीवरून उठलो. उरलेली घरी केली. कापलं.

माझी बायको मनकर्णा दोन वर्षांपासून त्याला राखी पाठवते. तिचा एकुलता एक भाऊ लहानपणीच गेला. गल्लीत मात्र ती सांगते की भाऊ बिलासपूरला रेल्वेत आहे, राखी त्याला जाते. पाकीट पोस्टात मी टाकतो, म्हणून खरं काय ते मलाच माहीत. कोणाले सांगू नका, असं तिनं एकदा म्हटलं होतं. सांगायची गरज नव्हती. चंपतराव पोटात ठेवणारा माणूस आहे.

उद्या बुधवार. उद्या स्फोट.

१२ ऑगस्ट, बुधवार.

सभा अभूतपूर्व झाली. सिरीयल लागायच्या आधीच मी उभा राहिलो आणि मुलाखत तोंडपाठ सांगितली. मी चौथी पास, पण तेव्हाची चौथी. एक शब्द चुकला नाही.

परिणाम हवा तसा झाला नाही. शेजारचे नत्थूजी म्हणाले, काऊन टेन्शन घेऊन राहिले गा चंपतराव, तो काय आपल्याले बोलला? समोरच्या शोभाताई म्हणाल्या, पाठवणाऱ्या बायाच येड्या असतीन, आपल्या गल्लीत कोण पाठवते? सगळे हसले. मुद्दा हातातून निसटत होता. तेव्हा पुढाऱ्यानं करायचं ते मी केलं. पुरावा दिला. म्हटलं, बाहेर कशाला शोधता, आमच्या घरातलीच राखी त्याच्या टमाट्याला बांधली आहे. बिलासपूरला कोणी नाही. दोन वर्षं मी स्वतः पाकीट टाकलं.

सगळ्यांच्या माना मनकर्णाकडे वळल्या. मग शोभाताई म्हणाल्या, व्हय वं मनकर्णाबाई? मग तो भाऊ? रेल्वेतला? मागून कोणीतरी म्हणालं, रेल्वेतला नाही वं, टमाट्यातला. पुन्हा हसू. मीही थोडा हसलो. सभेत मिळून मिसळून राहावं लागतं.

मनकर्णा चहा ठेवायला आत गेली. चहा आला नाही. अध्यक्षाच्या घरी पंधरा माणसं आणि चहा नाही, हे बरं दिसत नाही. उद्या समज देणार.

शेवटी बहिष्कार जाहीर केला. शटर ओढलं, कुलूप लावलं. नत्थूजी म्हणाले, शिव्या देऊ न गा, पण आधी पाहून तं घेऊ, आज बडे भैयाच्या धाकटीचं लग्न आहे. असे चाहते. थू.

१३ ऑगस्ट.

मनकर्णा बोलत नाही. पित्त असावं. दुपारी ताट वाढून निघून गेली. चहाबद्दल समज द्यायला मी तोंड उघडलं, तर तीच बोलली. इतकं सलग ती लग्नानंतर पहिल्यांदा बोलली असेल. म्हणाली, त्यानं टमाट्याले बांधली तं बांधली, तो मले ओळखत नाही. तुम्ही तं ओळखता न.

मी शांतपणे समजावलं की अपमान त्यानं केला आहे, मी फक्त वाचून दाखवला. ती म्हणाली, मग त्याच्याशीच बोलत बसा.

बाईमाणसाला मुद्दा धरून बोलता येत नाही. पण माझ्या लक्षात आलं आहे. त्या कपिलची जाहीर फजिती झाल्याशिवाय हिचं मन शांत होणार नाही. हिच्यासाठी एवढं करायलाच पाहिजे.

१५ ऑगस्ट.

झेंडावंदनाला गेलो नाही. विचार करत बसलो. कल्पना सुचली. बडग्या!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत, म्हणजे रोगराई घालवायला काढलेली बाईची मोठी मूर्ती, निघते. तिच्यामागे, वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा, म्हणजे बडग्या, शिव्या देत नेतात आणि गावाबाहेर जाळतात. मच्छरांचा निघतो, महागाईचा निघतो, पुढाऱ्यांचा निघतो. नटाचा कोणी काढलेला नाही. नागपूरचं नाव होणार. माझंही होईल, पण तो मुद्दा नाही.

मनकर्णाला सांगितलं. ती म्हणाली, मी पुष्पलताकडे काटोलला जातो. लेकीची आठवण येऊन राहिली म्हणे. मी म्हटलं, पोळ्याला ये, तमाशा पाहायला. ती म्हणाली, पाहू. पोचल्यावर निरोप पाठव म्हटलं, तर मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलंच नाही, हे एसटी सुटल्यावर लक्षात आलं.

१७ ऑगस्ट.

बडगे बनवणाऱ्या बळीरामकडे गेलो. त्याच्याकडे टीव्ही नाही, बडे भैयाचं तोंड त्यानं पाहिलेलं नाही. सलूनवाल्यानं मासिक द्यायला नकार दिला. हरकत नाही. मी वर्णन केलं. उंच, भारदस्त, कपाळ मोठं, नाक सरळ, बोलण्यात वजन. बळीराम म्हणाला, उभा कसा राहते तो? मी उभा राहून दाखवलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट वर. बळीराम माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, समजलं.

कपडे लागतात म्हणाला. माझा तपकिरी कोट दिला, लाकडाच्या आरामशीनवर कामाला असताना पंचवीस वर्षं घातलेला. जुना चष्माही दिला. पाटीवर नाव काय लिहू, असं त्यानं विचारलं. म्हटलं, नाव नको. चेहराच बोलला पाहिजे.

काटोलहून निरोप नाही. एसटीवाले निरोप नीट पोचवत नाहीत.

१९ ऑगस्ट, बुधवार.

बहिष्कार शंभर टक्के यशस्वी. घरी कोणीही फिरकलं नाही.

पण नत्थूजींच्या जावयानं त्यांना छोटा टीव्ही आणून दिला आहे. सगळी गल्ली तिथे. गद्दार कोण कोण आहेत ते कळावं म्हणून भिंतीला खुर्ची लावून बसलो. धाकटीच्या सासूनं हुंडा मागितला. बडे भैयानं घर गहाण ठेवलं. भामटा! शोभाताई हुंदके देत होत्या. मलाही डोळ्यात काहीतरी गेलं. आमच्या भिंतीचा चुना सुटतो.

स्वतः भात केला. लागला. मीठ कुठे ठेवते कळत नाही. साखर घातली गेली.

निरोप नाही. पोळ्याला प्रत्यक्षच येणार असेल, म्हणून पाठवला नसेल.

२४ ऑगस्ट. पोळा.

आली नाही. पुरणपोळी नाही. शोभाताईंनी वाटीभर पुरण पाठवलं, सोबत निरोप की मनकर्णाबाईले आमचा नमस्कार सांगा, कुठे असन तिथे. टोमणा मारायची काही गरज नव्हती. पुरण खाल्लं.

२५ ऑगस्ट. मारबत.

घाईत लिहितो. पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. रागानं.

बळीरामनं बडग्या कापडात झाकून आणला होता. मिरवणूक जोरात. मी सगळ्यात पुढे, पाठ बडग्याकडे, तोंड लोकांकडे. कापड निघाल्यावर लोक असे काही हसले, टाळ्या वाजवल्या, की मला भरून आलं. मी ओरडलो, बायांचा अपमान करणाऱ्याले! लोक ओरडले, घेऊन जा गे मारबत! मी ओरडलो, तोंडाळ माणसाले! लोक म्हणाले, घेऊन जा गे मारबत! मग नत्थूजींनी स्वतः घोषणा दिली, बायकोले रडवणाऱ्याले! मीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलं, घेऊन जा गे मारबत! मला वाटलं, नत्थूजी सुधारले.

मग एक अनोळखी बाई माझ्याकडे बोट करून शोभाताईंना म्हणाली, बाप्पा, हा तं सोबतच चालून राहिला वं! शोभाताई म्हणाल्या, चालू दे न, पाहू दे त्याले. बायकोची झाकली गोष्ट पंधरा माणसांत उघडी केली यानं. ज्यानं काढला हा बडग्या, त्याचं भलं होवो.

मी मागे वळून पाहिलं.

माझा कोट. माझा चष्मा. कपाळ, नाक, कमरेवरचा हात, वर केलेलं बोट. बडे भैयाचं काहीही नाही.

बळीरामला विचारलं, हे काय केलं? तो म्हणाला, तुम्हीच तं उभे राहून दाखवलं न जी. मले वाटलं, मोठा माणूस आहे, स्वतःचाच काढून राहिला.

अडाणी कारागिराच्या हाती काम दिलं की असं होतं. पुतळा जळताना पाहिला नाही. गर्दीतून रस्ताच मिळत नव्हता, नाहीतर आधीच निघालो असतो. कोट लवकर पेटला.

२६ ऑगस्ट, बुधवार.

कुलूप उघडलं. शत्रू काय करतो ते कळायला पाहिजे. एकट्यानं पाहिलं.

सिरीयलच्या आधी तो कपिलच आला. साध्या कुर्त्यात. हात जोडले. म्हणाला, ज्या बहिणींनी प्रेमानं राखी पाठवली त्यांच्याबद्दल मी वाईट बोललो, थट्टेत बोललो, मोठी चूक झाली, माफ करा. झालं. एवढंच. अर्धं मिनिटही नाही. नत्थूजींकडून टाळ्या ऐकू आल्या. शोभाताई म्हणाल्या, गेलं बिचाऱ्याच्या तोंडून!

बिचारा! सिरीयल बंद पडेल म्हणून हात जोडले त्यानं. पैसे मिळतात त्याचे. आणि लोक पाघळले. काय ही जनता. मी तर आता त्याचा आणखी मोठा बडग्या काढणार आहे. पुढच्या वर्षी. फोटो देऊन.

३० ऑगस्ट, रविवार.

जावई गोपाळराव खताच्या कामानं नागपूरला आले, उभ्याउभ्या घरी डोकावले. मी सहज विचारलं, तिकडे सगळे ठीक? ते म्हणाले, ठीक. मामी खुशीत आहे (सासूला ते मामीच म्हणतात). बुधवारी त्याची माफी पाहिली त्यांनी. रडल्या थोडं. म्हणाल्या, हात तं जोडले त्यानं. दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारातून त्याच्यासाठी राखी आणली. पौर्णिमा गेली तरी चालते म्हणे.

मी म्हटलं, वा. माझ्यासाठी काही निरोप?

गोपाळराव चप्पल घालत होते. म्हणाले, नाही जी. काही बोलल्या नाही. मी म्हटलं, परत कधी येणार, ते तरी? ते म्हणाले, ते तं तुम्हाले माहीत असन.

मला काय माहीत असणार. मी काही केलेलं नाही. आणि त्या कपिलचं काय कौतुक. त्याला हात जोडायला टीव्ही आहे, अख्खा देश समोर आहे. मी जोडायचे म्हटले तर इथे समोर कोण आहे? शटर बंद आहे.

सकाळी एकदा जोडून पाहिले. काय होतं ते पाहायला. कोणाला दिसलं नाही.

मनकर्णा, मीठ सापडलं. निरोप पाठव. येते असा नको पाठवू पाहिजे तर, नुसता पाठव. शिव्या असल्या तरी चालतील. पण लवकर पाठव.